भारतातून जर्मनीला जाताना मुलाच्या शाळेची तयारी कशी करावी

नोकरीनिमित्त जर्मनीला जायचे ठरले की व्हिसा आणि घर यांची धावपळ आधी सुरू होते आणि मुलाची शाळा ‘तिथे गेल्यावर पाहू’ म्हणून मागे पडते. मूल प्राथमिक शाळेत असेल, तर आधी त्याच्या इयत्तेचा हिशेब मांडावा. आपल्याकडे शाखा निवडण्याचा प्रश्न दहावीनंतर येतो; जर्मनीतील बहुतेक राज्यांत मात्र मूल गिमनाझियममध्ये (विद्यापीठाच्या वाटेने नेणाऱ्या माध्यमिक शाळेत) जाणार की रेआलशूलेसारख्या (मधल्या स्तराच्या) दुसऱ्या शाळेत, हे चौथीनंतरच ठरते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असल्याने तिथे दोन वर्षे अधिक मिळतात. उलट बायर्न (बव्हेरिया) राज्यात गिमनाझियमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून कमी लागते. म्हणून ऐन चौथीत मुलाला नव्या भाषेत नेऊन सोडणे शक्यतो टाळावे. ते टळत नसेल, तर जिथे हा निर्णय पुढे ढकलला जातो अशी गेझाम्टशूले जवळपास आहे का, हे घर शोधतानाच पाहावे. पुढे शाळेचा प्रकार बदलता येतो, परंतु तोपर्यंत मुलाची भाषा पक्की व्हावी लागते.

वर बायर्नच्या सरासरीबाबत ‘कमी’ हा शब्द चुकून आलेला नाही. तिथे 1 ही सर्वोत्तम श्रेणी असते आणि 6 ही सर्वांत वाईट. हे आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवावे, नाहीतर फोनवर भलत्याच श्रेणीचे कौतुक होते.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके आणि लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे; 1 मार्च 2020 पासून शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो. शिक्षण हा 16 राज्यांचा स्वतंत्र विषय असल्यामुळे बाकीचे नियम आपल्या राज्याचेच वाचावेत. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आहे: शाळेत जाणे सक्तीचे असते आणि स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलाला परस्पर घेऊन गेल्यास दंड होऊ शकतो.

सर्वांत जास्त तयारी बोलण्याची करावी लागते. आपल्या वर्गात विचारल्याशिवाय न बोलणारे मूल शहाणे समजले जाते; तिथे हात वर करून मत मांडणे श्रेणीत धरले जाते आणि गप्प बसणाऱ्याला काही येत नाही असा समज होऊ शकतो. यासाठी जाण्याच्या काही महिने आधीपासून रोज जेवताना मुलाला एखाद्या साध्या गोष्टीवर मत विचारावे, ‘का?’ असे विचारून दोन कारणे मागावीत आणि त्याचे बोलणे मध्येच दुरुस्त करू नये.

गणिताच्या वहीत बारीकसारीक फरक दिसतात. हाताने लिहिलेल्या 1 ला इतकी लांब तिरपी रेघ असते की तो 7 वाटतो, म्हणून 7 च्या मध्ये आडवी रेघ मारतात. साडेतीन 3,5 असे लिहितात आणि भागाकाराला अपूर्णविरामासारखे दोन टिंब देतात. मराठीत मोजणाऱ्या मुलाला एक गोष्ट मात्र सोपी जाते: पंचवीसमध्ये जसा पाच आधी येतो, तसाच तो ‘फ्युन्फउंडत्स्वान्त्सिश’मध्येही येतो.

लहान मुलांनी एकट्याने शाळेत चालत जाणे तिथे नेहमीचे आहे आणि चौथीच्या सुमारास पोलिसांच्या मदतीने सायकलची परीक्षा होते. तेव्हा दप्तर भरणे आणि रस्ता ओलांडणे ही कामे आतापासूनच मुलाकडे द्यावीत. पोहणे तर इथेच शिकवून न्यावे, कारण तिथे प्राथमिक शाळेत त्याचे तास असतात आणि ‘झेपफेर्डशेन’ या पहिल्या बिल्ल्यासाठी 25 मीटर पोहावे लागते. मूल पहिलीत जाणार असेल, तर पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला कागदी शंकू असतो. तो शाळा देत नाही, आईवडिलांनी भरून न्यायचा असतो.