ई-सायकलच्या बॅटरीवर दिवा लावताना

डिचोली-पेडण्याकडच्या आतल्या रस्त्यांवर काळोखात सायकल हाकायची तर दिवा दणकट हवा. ई-सायकलच्या बॅटरीतून तो सहज चालतो, पण थेट जोडू नका. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ४२ व्होल्ट देते, ४८ ची ५४.६. बारा व्होल्टचा दिवा तिथे क्षणात जळेल.

आधी कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याला, दिव्याची वायर आहे का पाहा. बऱ्याच किटना असते, ६ किंवा १२ व्होल्टची. मल्टिमीटरने मोजा आणि तेवढ्याच व्होल्टचा, तिच्या मर्यादेतला दिवा घ्या. वायर नसेल तर डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट दिव्याला हवे तेवढे कमी करून देणारा डबा, बसवा. ४८ च्या बॅटरीला ६० व्होल्टच्या वरचं इनपुट सोसणारा. बॅटरीजवळ, पॉझिटिव्ह वायरवर एक-दोन अँपिअरचा फ्यूज हवाच. स्विच कन्व्हर्टरच्या आधी ठेवा, नाहीतर दिवा बंद असतानाही कन्व्हर्टर थोडी वीज खात राहतो. बॅटरीचा पॅक उघडून मधल्याच काही सेलवरून १२ व्होल्ट काढायची शक्कल कोणी सुचवेल. तेवढेच सेल आधी रिकामे होतात आणि पॅक बिघडतो.

रेंजची काळजी नको. पाच वॅटचा दिवा दोन तासांत १० वॅट-तास घेतो, बॅटरीत साधारण ३६० असतात.

खरा शत्रू आपला पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा. जोडांवर गोंदवाली हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा, कन्व्हर्टर वॉटरप्रूफच घ्या. बॅटरी संपली की दिवाही जातो, म्हणून मागचा लाल दिवा स्वतंत्र सेलवरचा ठेवा.