ग्राम बाल विकास केंद्र: अंमलबजावणी आणि मूल्यमापन एकत्र कसे आखावे

तालुक्यात ग्राम बाल विकास केंद्रे, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना गावातच आहार आणि औषधे देणारी केंद्रे, सुरू करायचे ठरले की पहिली धावपळ निधी, भांडी, धान्य आणि औषधे यांची होते, आणि मूल्यमापनाचा विषय मार्चअखेरीस, उपयोगिता प्रमाणपत्र लिहिण्याच्या दिवसांत निघतो. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो, कारण केंद्रात येण्यापूर्वी मूल कसे होते याची विश्वासार्ह नोंद तेव्हा नव्याने करता येत नाही. उपयोगिता प्रमाणपत्रावरून पैसा खर्च झाला एवढे कळते. तो आहार मुलाच्या पोटात गेला का आणि त्याने मूल सावरले का, हे त्यातून कळत नाही. म्हणून बाल विकास प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिका यांनी मूल्यमापनाची आखणी केंद्र उघडण्याच्या आधी करावी. ती कशी करावी, हे येथे मांडले आहे.

सुरुवात एका वाक्याने करावी: कोणत्या मुलांमध्ये, किती काळात, कोणता बदल झाला म्हणजे केंद्र यशस्वी म्हणायचे. ‘कुपोषण कमी करणे’ हे असे वाक्य नव्हे. तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम श्रेणीतील मूल कोणते, याची व्याख्या स्पष्ट आहे. सहा महिने ते 59 महिने वयाच्या ज्या बालकाचे उंचीच्या मानाने वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार उणे तीन प्रमाण विचलनाच्या (सरासरीपासून किती दूर, हे सांगणाऱ्या एककाच्या) खाली आहे, किंवा ज्याचा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी आहे, किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर कुपोषणाची सूज आहे, ते मूल सॅम होय. बाहेर पडण्याचा निकषही त्याच दिवशी लिहून ठेवावा: उंचीच्या मानाने वजन उणे दोनच्या वर किंवा दंडघेर किमान 125 मिलिमीटर, आणि किमान दोन आठवडे सूज नाही. मूल ज्या मापाने केंद्रात घेतले त्याच मापाने ते बाहेर पडले पाहिजे. दंडघेरावर दाखल केलेले मूल वजनावर बरे ठरवले, तर यशाचा आकडा निरर्थक होतो.

पहिले माप

या सगळ्या कामात सर्वाधिक वेळ पहिल्या मापावर द्यावा, असे माझे ठाम मत आहे. वजनकाटा रोज ज्ञात वजनाने तपासावा. दोन वर्षांखालील मूल आडवे झोपवून मोजायचे आणि त्यापुढचे उभे करून, हे प्रशिक्षणात सांगितलेले असते, पण रडणाऱ्या मुलाचे गुडघे वाकलेले असतानाच आकडा लिहिला जातो. त्याचा परिणाम लक्षात घ्यावा: लांबी खऱ्यापेक्षा कमी भरली की त्या मानाने वजन पुरेसे दिसते, आणि खरोखर सॅम असलेले मूल यादीतून सुटते. मोजायला दोन माणसे लागतात, म्हणून सेविका आणि मदतनीस दोघींनाही प्रशिक्षण द्यावे. पर्यवेक्षिकेने प्रत्येक अंगणवाडीत काही मुले त्याच दिवशी, आधीचा आकडा न पाहता, पुन्हा मोजावीत. नोंदवहीत बहुतेक वजने पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर संपत असतील, तर ती अंदाजाने लिहिली आहेत असे समजावे.

येथे वरिष्ठांची जबाबदारी सेविकेपेक्षा मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 10.9 टक्के बालके या तीव्र श्रेणीत आढळली. आदिवासी तालुक्याच्या मासिक अहवालात हेच प्रमाण अर्धा टक्का दिसत असेल, तर आधी नोंदींवर शंका घ्यावी. चांगली शोधमोहीम झाली की पहिल्या महिन्यात आकडा वाढतोच. त्या वाढीबद्दल आढावा बैठकीत सेविकेला उभे करून जाब विचारला किंवा कारणे दाखवा नोटीस दिली, तर पुढच्या महिन्यात आकडा खाली येईल, पण मुले तशीच राहतील. म्हणून मोहिमेपूर्वीच लेखी कळवावे की जास्त मुले शोधणे हे चांगले काम मानले जाईल आणि पहिल्या तीन महिन्यांच्या वाढीव संख्येवर कोणाचेही मूल्यांकन होणार नाही.

आहार पोहोचतो का

केंद्र चालू असताना प्रश्न मोजकेच असावेत. दिवसातून ठरलेल्या वेळा खाऊ घातले का, भूक तपासली का, औषधे दिली का, आई मुलाला घेऊन रोज येते का, आणि येत नसेल तर का येत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कामाच्या वेळेत, केंद्राच्या अंतरात किंवा लहान भावंडांच्या जबाबदारीत असते, आणि ते गृहभेटीतच कळते. अंडी किंवा भाजीचा शासकीय दर बाजारभावापेक्षा मागे पडला असेल तर तेही याच टप्प्यावर नोंदवावे, कारण तो दोष सेविकेचा नाही आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार वरच्या कार्यालयाकडे आहे.

सर्व घरे तपासणे शक्य नसते. त्यासाठी 19 चा नमुना ही सोपी रीत उपयोगी आहे. बीटमधील, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडील अंगणवाड्यांच्या गटातील, लाभार्थी मुलांच्या पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकून 19 मुले निवडावीत, घरी जाऊन ‘गेल्या आठवड्यात आहार मिळाला का’ हे विचारावे, आणि 80 टक्क्यांचे उद्दिष्ट असेल तर किमान 13 ‘हो’ आल्यास बीट समाधानकारक धरावे. या पद्धतीने टक्केवारी काढू नये. कोणत्या बीटकडे आधी जायचे, एवढेच ती सांगते. सोयीच्या, रस्त्यालगतच्या पाड्यांतील 19 घरे घेतली तर मात्र तेही कळणार नाही.

बदल केंद्रामुळेच झाला का

सर्वात मोठी फसगत येथे होते. आपण सर्वांत वाईट अवस्थेतील मुले निवडतो, आणि ती बऱ्याचदा पावसाळ्यात निवडतो, जेव्हा घरात धान्य कमी आणि जुलाब-ताप जास्त असतात. अशा मुलांपैकी काही कोणतेही केंद्र नसते तरी पीक घरात आल्यावर सावरली असती. ऑगस्टमधील वजन जानेवारीतील वजनाशी ताडून सगळे श्रेय केंद्राला देणे म्हणूनच चुकीचे आहे. शक्य तेथे या वर्षीच्या महिन्याची तुलना मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. वयोगटही तोच ठेवावा. 2005 मध्ये औरंगाबादहून सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशन या राज्याच्या कुपोषणविरोधी मोहिमेनंतर 2012 मध्ये झालेल्या राज्यव्यापी सर्वेक्षणात दोन वर्षांखालील मुलांमधील खुजेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) सुमारे 39 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर आल्याचे युनिसेफने नोंदवले. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यात 34.4 टक्के हा आकडा आला, पण तो पाच वर्षांखालील मुलांचा होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘परिस्थिती बिघडली’ असे म्हणणे न्याय्य नाही.

तुलनेसाठी कोणत्याही सॅम मुलाचे उपचार रोखू नयेत; ही मर्यादा निर्विवाद आहे. परंतु जादा घटक, उदाहरणार्थ आठवड्यातून दोन अतिरिक्त गृहभेटी, सर्व गावांत एकदम सुरू करण्याइतके मनुष्यबळ नसेल, तर आधी कोणती गावे घ्यायची हे आढावा बैठकीत सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. त्यामुळे निवडीवर आक्षेप राहत नाही आणि उरलेली गावे तुलनेसाठी मिळतात.

निष्कर्ष काढताना दाखल झालेले प्रत्येक मूल हिशेबात धरावे: बरे झालेले, बरे न झालेले, मधूनच सुटलेले, रुग्णालयात पाठवलेले, मृत. आपत्तीकालीन मदतीसाठीच्या स्फिअर मानकांत बरे होण्याचे प्रमाण 75 टक्क्यांहून अधिक, गळती 15 टक्क्यांहून कमी आणि मृत्यू 10 टक्क्यांहून कमी असावेत असे म्हटले आहे. तुलनेला तो आधार घेता येतो. स्थलांतरित मुले यादीतून खोडू नयेत. दिवाळीनंतर पालघर, नंदुरबार किंवा मेळघाटातील अनेक कुटुंबे वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा इतर मजुरीला जातात, आणि बहुधा सर्वात गरजू घरेच आधी निघतात. मागे राहिलेल्या मुलांचीच सरासरी काढली तर केंद्र खऱ्यापेक्षा चांगले दिसते. अशा कुटुंबाला जाताना नोंदींची प्रत द्यावी, जाण्याचे ठिकाण लिहून घ्यावे, तेथील प्रकल्पाला कळवावे, आणि होळीला कुटुंब गावी परतले की त्याच आठवड्यात मूल पुन्हा मोजावे.

अहवाल जिल्हा परिषदेकडे पाठवण्यापूर्वी तो सेविकांच्या बैठकीत वाचून दाखवावा. ग्रामसभेपुढे ठेवताना मुलांची नावे वगळून फक्त संख्या सांगाव्यात. बैठकीत एखादी सेविका म्हणाली की तिच्या पाड्याचा आकडा चुकीचा आहे, तर दुसऱ्याच दिवशी काटा आणि उंचीमापक घेऊन तिच्यासोबत तेथे जावे, आणि तिचे म्हणणे बरोबर निघाले तर अहवालातील आकडा बदलून मगच तो पुढे पाठवावा.