गव्हर्नरच्या कर-खर्चाचा हिशोब कसा तपासावा

अमेरिकेत गव्हर्नरपदाची, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाची, निवडणूक आली की दोन दावे हमखास ऐकू येतात : ‘मी कर कमी केले’ आणि ‘मी दरवर्षी बजेट जुळवलं’. दुसऱ्या दाव्याला सरळ शून्य गुण द्या. व्हरमाँट सोडलं तर बजेट जुळवण्याचं बंधन या ना त्या स्वरूपात सगळ्याच राज्यांवर आहे. पाहायचं ते एवढंच, की ते कशाच्या जोरावर जुळवलं. हे समजून घ्यायला कॅन्ससचं उदाहरण सर्वांत उपयोगी, म्हणून तिथले गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांची २०११ ते २०१८ ही कारकीर्द समोर ठेवून सांगतो.

आधी वर्षं वाटून घ्या. ४६ राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. न्यूयॉर्कचं एप्रिलमध्ये, टेक्सासचं सप्टेंबरमध्ये, अलाबामा आणि मिशिगनचं ऑक्टोबरमध्ये. गव्हर्नर शपथ घेतो बहुधा जानेवारीत. म्हणजे जूनपर्यंत चालतं ते आधीच्या गव्हर्नरचं बजेट, ते त्याच्याच नावावर मांडा.

मग कर. नुसता आयकराचा दर पाहून थांबू नका. ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये सही केलेल्या कायद्याने वरचा दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ वर आणला आणि एलएलसीसारख्या (मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी) धंद्यातून मालकाच्या हाती पडणारा नफा राज्याच्या आयकरातून वगळला. २०१५ मध्ये मात्र विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के झाला, सिगारेटवरचा करही वाढला. कॅन्ससात तेव्हा किराण्यावरही पूर्ण विक्रीकर होता. धंद्याच्या मालकाचा कर गेला आणि दूध-पिठावरचा वाढला. कोणाचा कर कमी झाला हे सांगितल्याशिवाय कोणी ‘करकपात’ म्हणत असेल तर ऐकूनच घेऊ नका.

खर्चासाठी जनरल फंडाचा, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीचा, आकडा घ्या, महागाई वजा करा, लोकसंख्येने भागा. राज्याच्या एकूण खर्चात साधारण तिसरा हिस्सा वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, आलेला असतो, त्यात मोठा वाटा मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा. त्याचं श्रेयही गव्हर्नरला देऊ नका, दोषही नाही.

आता खरी अवघड पायरी : तूट कशाने बुजवली? मला सुरुवातीला सगळ्यांत जड गेली ती हीच, कारण बजेटच्या सारांशात ‘तूट’ असा शब्दच नसतो. जमा आणि खर्च जुळलेले दिसतात आणि वाचणारा समाधानाने पान मिटतो. कृपा करून मिटू नका. जमेच्या बाजूला ‘ट्रान्सफर’ किंवा ‘इतर निधीतून वर्ग’ अशा ओळी शोधा. करकपातीनंतर कॅन्ससची वैयक्तिक आयकराची वसुली एका वर्षात सुमारे २.९ अब्ज डॉलरवरून २.२ अब्जांवर आली. पुढे रस्त्यांसाठी राखलेला महामार्ग निधी वर्षानुवर्षं जनरल फंडाकडे वळवला गेला, इतका की लोक महामार्ग खात्याला बँकच म्हणू लागले. रस्त्याचा पैसा पगाराला वापरला तर कागदावर बजेट जुळतं, पण रस्त्याचं काम राहतंच.

दुसरी जागा सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनची. ॲक्च्युअरीने (पेन्शनचा हिशोब मांडणाऱ्या तज्ज्ञाने) सांगितलेला हप्ता आणि प्रत्यक्ष भरलेला हप्ता, हे दोन आकडे वार्षिक लेखा अहवालात शेजारी-शेजारी दिलेले असतात. दहा वर्षांचे उतरवून काढा. कॅन्ससने २०१५ मध्ये पेन्शनसाठी एक अब्ज डॉलरचे रोखे काढले आणि पुढच्याच वर्षी हप्ता लांबणीवर टाकला. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींनी हा तक्ता जरूर पाहावा. तिथे गव्हर्नर क्रिस्टीन व्हिटमन यांनी आयकर ३० टक्के कमी केला, १९९७ मध्ये पेन्शनसाठी २.७५ अब्जांचे रोखे काढले आणि त्यानंतर हप्ते इतके चुकत गेले की पूर्ण हप्ता भरायला २०२१-२२ उजाडलं.

तिसरी जागा तारखांची. गव्हर्नर श्वार्झनेगर यांच्या काळात कॅलिफोर्नियाने ३० जून २०१० चा पगार १ जुलैला द्यायचं ठरवलं. एका दिवसात सबंध पगार पुढच्या आर्थिक वर्षात गेला आणि त्याची नोंद बचत म्हणून झाली. जूनअखेरचं मोठं देणं सरकलेलं दिसलं की ती रक्कम खुशाल तुटीत धरा. अशा सगळ्या एकदाच मिळणाऱ्या रकमा जमेतून काढल्यावर जे उरतं, तोच त्या गव्हर्नरचा खरा ताळेबंद. मी तरी दुसरा कुठला मानत नाही.

तयार गुणपत्रिकांवर विसंबू नका. गव्हर्नरांना गुण देणाऱ्या केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने २०१४ मध्ये ब्राउनबॅक यांना ‘ए’ दिला, आणि त्याच वर्षी मूडीज व एस अँड पी या कर्जदाराची पत ठरवणाऱ्या दोन्ही संस्थांनी कॅन्ससचं मानांकन उतरवलं. कर आणि खर्च कमी ठेवणाऱ्याला केटो जास्त गुण देते. ते त्यांचं मत आहे आणि ते लपवतही नाहीत, पण रिकामा झालेला महामार्ग निधी त्या ‘ए’मध्ये दिसत नाही.

शेवटी, सही कोणाची हे पाहा. जून २०१७ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने कपातीचा मोठा भाग मागे घेतला तो ब्राउनबॅक यांचा नकाराधिकार धुडकावून, आणि त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या कित्येक आमदारांच्या मतांनी. त्यामुळे त्यानंतर वसुली सुधारली ती त्यांच्या खात्यावर मांडू नका.