टर्पीनचा वास ओळखताना या चुका टाळा

फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात पाहुणे येतात ते सुपारी, मिरवेल, जायफळ बघायला. हल्ली मात्र दर हंगामात एक तरी जण मोबाइलवरचं रंगीत चक्र पुढे करतो. मध्ये भांगेचं पान, भोवती टर्पीनची, म्हणजे झाडांतल्या वासाच्या द्रव्यांची नावं, प्रत्येक नावासमोर एकेक फळ किंवा मसाला, आणि बाहेरच्या कडेला ‘झोप’, ‘तरतरी’, ‘शांती’. मग विचारतो, “काका, यातलं काय काय आहे तुमच्याकडे?” सगळंच आहे. पण ते चक्र पाठ करून नाक लावलंत तर फसाल.

टर्पीन ही गांजाची मक्तेदारी नाही. पाच कार्बनचा आयसोप्रीन नावाचा तुकडा जोडत जोडत झाडं ही वासाची द्रव्यं बनवतात. दोन तुकड्यांची ती मोनोटर्पीन, हलकी आणि चटकन उडणारी. तीन तुकड्यांची ती सेस्क्विटर्पीन, जड आणि रेंगाळणारी. भांगेच्या झाडात त्यांचा मुख्य साठा मादी फुलोऱ्यावरच्या चिकट, केसांएवढ्या बारीक ग्रंथींत असतो. नशा टीएचसी नावाच्या वेगळ्या द्रव्याची, वास प्रामुख्याने यांचा.

शिकण्यासाठी तो फुलोरा मिळवायच्या भानगडीत पडू नका. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा आणि त्याची राळ म्हणजे चरस, आणि गोव्याला त्यातून सूट नाही. थोड्या प्रमाणातला गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किनाऱ्यावर कोणी काहीही सांगो. ‘मग हेम्पच्या, म्हणजे भांगेच्याच, बियांचं तेल हुंगतो’ म्हणणारेही भेटतात. ते तेल खाण्यासाठी विकायला 2021 पासून मोकळीक आहे, पण टर्पीन बियांत जवळजवळ नसतात. त्याला शेंगदाण्यासारखा, जरा हिरवट वास येतो, बस्स.

<b>एक मसाला, एक टर्पीन</b>

सगळ्यात मोठी चूक ही. चक्रात कॅरिओफिलीनसमोर लवंग असते. लवंग हुंगून तो वास डोक्यात बसवलात तर बसेल युजेनॉल, आणि ते टर्पीनच नाही. लवंगेच्या तेलात त्याचाच भरणा असतो, कॅरिओफिलीन मागच्या बाकावर. तुळशीच्या वासातही बऱ्याचदा युजेनॉलच पुढे असतं. कॅरिओफिलीनसाठी काळी मिरी घ्या, खलबत्त्यात चार दाणे फोडा आणि पहिला झणका जाऊ द्या. त्या झणक्यात पायनीन, सॅबिनीन, लिमोनीन असतात. पाच-दहा मिनिटांनी जो कोरडा, लाकडासारखा वास उरतो, त्याच्याकडे लक्ष द्या. जिभेला लागतो तो तिखटपणा पिपरीनचा, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

लिंबाचंही तसंच. लिंबाच्या सालीत लिमोनीन भरपूर असतं हे खरं, पण ‘हे लिंबू’ अशी जी ओळख नाकाला पटते ती देतं सिट्रल, जे परसातल्या गवती चहातही असतं. नुसतं लिमोनीन संत्र्याच्या सालीच्या जवळचं, गोडसर आणि थोडं सपाट. संत्र्याची साल दुमडून नाकाशी चिमटा, मग गवती चहाचं पान चुरगाळा. फरक एकदा कळला की ‘लेमन’ नावाच्या कुठल्याही बाटलीतली लबाडी कळते.

आंबा तर आणखी गमतीचा. मायर्सीन म्हणजे आंबा हे समीकरण सगळीकडे दिसतं, पण कोणता आंबा ते कोणी सांगत नाही. हापूसच्या वासात ओसिमीनचा वाटा मोठा असतो, दुसऱ्या जातींत कॅरीनचा, काहींत मायर्सीनचा. मानकुराद आणि हापूस डोळे मिटून वेगळे ओळखणाऱ्या गोंयकाराला हे पटवून द्यावं लागत नाही.

लिनालूलसाठी लॅव्हेंडर शोधत पणजीभर फिरू नका. धने घ्या. धन्याच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनालूलच असतं. वेलचीत युकॅलिप्टॉल. आणि तेफळं विसरू नका. बांगड्याच्या हुमणात पडणारी ती चेचलेली टरफलं नाकाशी नेली की आधी संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, मग मिरीसारखं, मग रानातलं ओलं लाकूड. सॅबिनीन आणि लिमोनीन एकत्र कसे वाजतात हे शिकायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही.

पायनीनच्या बाबतीत दोन घोटाळे होतात. मिरामारच्या सुरूच्या झाडांना लोक पाइन समजतात, पण सुरू हा पाइन नव्हेच. दुसरा घोटाळा हार्डवेअरच्या दुकानात. ‘टर्पीन’ हा शब्दच टर्पेंटाइनवरून आला, म्हणून काही जण रंगात मिसळायचं टर्पेंटाइन आणून हुंगतात. दुकानात सर्रास मिळतं ते मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे पेट्रोलियमचं. त्यात पायनीन नसतं, डोकेदुखी असते.

<b>उग्र दर्प टर्पीनच्या माथी मारणं</b>

गांजाचा तो लांबूनच कळणारा, कुजकट दर्प बरीच वर्षं मायर्सीनच्या नावावर खपवला गेला. 2021 साली रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तो गंधकाच्या संयुगांचा असतो, आणि तीही अत्यल्प प्रमाणात. यातलं मुख्य संयुग तुम्ही बहुधा हुंगलेलं आहे. हिरव्या बाटलीतली बिअर शॅकच्या टेबलावर उन्हात राहिली की तिला जो वाईट वास सुटतो, तो याच रेणूचा. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्स नावाच्या फुलांच्या कडू द्रव्यावर ऊन पडून तो तयार होतो. तपकिरी काच ऊन अडवते, म्हणून तपकिरी बाटली वाचते. सिलिंडर गळल्याचं कळावं म्हणून गॅसमध्ये मिसळतात ते मर्कॅप्टनही याच गोत्रातलं. गंमत म्हणजे हॉप्स आणि भांग एकाच कुळातल्या वनस्पती आहेत.

<b>शिळ्या नमुन्यावरून मत बनवणं</b>

1996 च्या एका अभ्यासात भांगेच्या ताज्या कळ्या सुकवल्यावर आठवड्याभरात त्यांतलं सुगंधी तेल सुमारे 31 टक्के घटलं, तीन महिन्यांत 55. आधी उडाली ती मोनोटर्पीन. म्हणजे जुन्या मालात उरतो तो वास मुळातला नव्हे, मागे राहिलेल्यांचा. आपल्या डब्यातही हेच घडतं. जून-जुलैत झाकण सैल राहिलेल्या धन्यांना कुबट वास येतो, आणि नवखा तोच लिनालूल समजून बसतो. सराव अख्ख्या मसाल्यावर करा, ऐनवेळी फोडा, पूड वापरू नका.

एका बैठकीत चार-पाच वास पुरे. त्यापुढे नाक बधिर होतं. मधे कॉफीच्या बिया हुंगायची फॅशन आहे, तिचा साध्या हवेपेक्षा जास्त फायदा होत नाही. अंगणात जाऊन या, नाहीतर स्वतःच्या बाहीचा वास घ्या.

<b>वासावरून परिणाम ठरवणं</b>

‘इंडिका म्हणजे झोप, सॅटिव्हा म्हणजे तरतरी’ ही गांजाच्या वाणांवरची लेबलं झाडाच्या वंशाशी नीट जुळत नाहीत. ‘मायर्सीन अर्ध्या टक्क्यावर गेलं की माणूस खुर्चीला खिळतो’ किंवा ‘आधी आंबा खा, नशा वाढते’ यांना माणसांवरच्या प्रयोगांचा भक्कम आधार नाही. कॅरिओफिलीन शरीरातल्या सीबी2 ग्राहीला (पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या एका रेणूला) चिकटतं हे 2008 साली दाखवलं गेलं. पण तिथून ‘मिरी खा, दुखणं पळेल’ इथवर उडी मारायला मी तरी तयार नाही.

तसाच टर्पीनच्या उकळबिंदूंचा तक्ता. त्यात ह्युम्युलीन 106 अंश आणि कॅरिओफिलीन 130 च्या आसपास लिहिलेलं दिसेल. हे आकडे निर्वात पंपाखाली, हवेचा दाब खूप कमी करून मोजलेले. नेहमीच्या दाबाला दोन्ही 250 अंशांच्या वर उकळतात. शेजारी लिमोनीनचे 176 मात्र नेहमीच्या दाबाचे. शेर आणि लिटर एकाच रांगेत लिहावेत तसा हा प्रकार.

<b>बाटलीतलं निव्वळ तेल हाताळणं</b>

‘टर्पीन’ म्हणून बाटल्या मिळतात. त्यातलं तेल थेट त्वचेला लावू नका, तापवून त्याची वाफ ओढू नका. उघड्या बाटलीतलं लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संयोग पावून बदलतं, आणि ते बदललेलं रूप त्वचेवर ॲलर्जी उठवतं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, बाटली लहान, गडद आणि गच्च भरलेली ठेवा.

माझा धडा महागडा नव्हता, पण लाजिरवाणा होता. चतुर्थी आटोपल्यावर मखराचा उरलेला थर्माकोल माळ्यावर ठेवला आणि संत्र्याच्या तेलाची बाटली त्यावरच टेकवली. बूच गळत होतं. सकाळी बघतो तर बाटली थर्माकोलमध्ये बोटभर खोल उतरलेली, खाली पारदर्शक, चिकट डिंक. लिमोनीन थर्माकोल विरघळवतं हे मला पाठ होतं. आई माळ्याखाली उभी राहून एवढंच म्हणाली, “संत्रं कोणी सोललं रे?”