फेस्टिव्हलला गाडीने जाताय? नाकाबंदी आणि झडतीबद्दल हे वाचून मग निघा

डिसेंबर जवळ आला की ग्रुपवर तोच प्रश्न, गाडी घेऊन जायचं का, रस्त्यात पोलीस थांबवतील का. थांबवतील असं धरूनच चला. सनबर्न हा डान्स म्युझिकचा मोठा फेस्टिव्हल २००७ ला गोव्यात सुरू झाला, मधे काही वर्षं पुण्यात आला, परत गोव्यात गेला, २०२५ ला मुंबईत झाला, आणि जिथे जाईल तिथे नाकाबंदी त्याच्या मागे जाते. कारण सरळ आहे, त्या दोन-तीन दिवसांत कुठल्या रस्त्याने कोण येणार हे पोलिसांना आधीच माहिती असतं. पोरापोरांनी भरलेली, दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी रात्री अकराला दिसली की बॅटरीचा झोत काचेवर पडणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाक्यावर वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. जे काही हातात असतं ते दोन ठिकाणी असतं, गाडी निघायच्या आधी आणि कागदावर सही करायच्या वेळी. मधला वेळ फक्त शांत राहायचं आणि नीट बघायचं.

आधी निघायच्या आधीचं, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. गाडीत पाच जण, सात बॅगा, त्यातल्या दोन बॅगा कुणाच्या आहेत हे चालवणाऱ्याला माहितीच नाही, असं करू नका. एनडीपीएस कायदा, म्हणजे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, बाकीच्या कायद्यांसारखा नाही. कलम २५ मध्ये ज्याची गाडी आहे किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून ती वापरू दिली तर त्यालाही तीच शिक्षा आहे. तुम्ही म्हणाल मला माहितीच नव्हतं, पण कलम ३५ आणि ५४ मुळे कोर्ट आधी असं गृहीत धरू शकतं की माहिती होतं, आणि नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. त्यामुळे निघताना सगळ्यांना पार्किंगमध्येच स्पष्ट विचारा की कुणाकडे काही आहे का, असेल तर तो माणूस या गाडीत येणार नाही. वाईट वाटलं तरी चालेल. आणि मित्राच्या मित्राला वाटेत लिफ्ट द्यायची असेल तर त्याची बॅग डिकीत तुमच्या बॅगांच्या खाली नको, त्याच्या मांडीवर असू दे.

"थोडंसंच तर आहे" हे वाक्य फार ऐकू येतं, म्हणून आकडे सांगतो. गांजाची स्मॉल क्वांटिटी, म्हणजे कायद्यातलं सगळ्यात कमी प्रमाण, एक किलोपर्यंत आहे, पण एमडीएमएची, म्हणजे एक्स्टसीची, फक्त अर्धा ग्रॅम, आणि दहा ग्रॅमच्या वर गेलं की कमर्शियल, म्हणजे धंद्यासाठीचं प्रमाण. एलएसडीचं तर स्मॉल म्हणजे दोन मिलिग्रॅम. शिवाय २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसतं ड्रग नाही, त्यात मिसळलेल्या पावडरसकट पूर्ण वजन धरायचं, म्हणजे गोळीत खरा माल किती याला अर्थ नाही, दोन-तीन गोळ्यांतच स्मॉलची मर्यादा ओलांडू शकते. स्मॉलमध्ये एक वर्षापर्यंत शिक्षा, त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत, कमर्शियलला कमीत कमी दहा वर्षं आणि तिथे कलम ३७ मुळे जामीनसुद्धा प्रचंड अवघड. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, मला खरंच वाटतं की वीस-बावीस वर्षांच्या पोरांना हे आकडे कुणी कधी सांगतच नाही.

झोपेच्या किंवा अँक्झायटीच्या गोळ्या घेत असाल, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे, किंवा दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, तर त्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या, ही औषधं याच कायद्यात येतात आणि सुट्या गोळ्या डबीत भरून नेल्या तर तिथे रात्री कुणालाही पटवून सांगणं कठीण. वेप पण घरीच ठेवा, २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री आणि साठवण बंद आहे, त्यावरून उगाच बोलणं वाढतं. फिल्म लावलेल्या काळ्या काचा असतील तर काढून टाका, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच त्या बंद केल्यात आणि गाडी बाजूला घ्यायला पोलिसांना तेवढं निमित्त पुरतं. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी कायद्याने चालतात, पण घाटात रेंज नसते म्हणून आधीच डाऊनलोड करून ठेवा. गोव्यात भाड्याने गाडी घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळे नंबर असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची गाडी स्वस्तात मिळते पण ती भाड्याने द्यायची परवानगीच नसते आणि पकडल्यावर मालक फोन उचलत नाही.

आता नाका. बॅरिकेड दिसलं की वेग कमी, गाणी बंद, आतला दिवा चालू, काच खाली, हात स्टिअरिंगवर दिसतील असे. यू-टर्न मारायचा विचार पण नको, मागे एक बाईकवाला हवालदार त्यासाठीच उभा असतो. गाडीतून एकानेच बोलायचं, शक्यतो जो चालवतोय त्याने, मागून चार जणांनी एकदम "काय झालं साहेब" सुरू केलं की समोरच्याचा संशय वाढतो. कुठून आलात, कुठे चाललात, तिकीट दाखवा, याला सरळ उत्तर द्या, लपवण्यासारखं त्यात काही नाही. युनिफॉर्ममधल्या पोलिसाने लायसन्स मागितलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे दाखवावंच लागतं. साध्या कपड्यातला माणूस असेल तर "साहेब, आयकार्ड बघू का" असं नम्रपणे विचारा, हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही, नाव आणि पोलीस स्टेशन लक्षात ठेवा.

एक गोष्ट डोक्यातून काढा. रील्समध्ये अमेरिकेतली पोरं पोलिसांना म्हणतात ना की मी झडतीला संमती देत नाही, ते आपल्याकडे तसं चालत नाही. आपल्या कायद्यात संशयाला कारण असेल तर अधिकाऱ्याला गाडी बघता येते, तुमची हो-नाही त्यात मोजली जात नाही. तुम्ही दार धरून उभं राहिलात किंवा हात झटकलात तर सरकारी कामात अडथळा लागू शकतो, आयपीसीचं जुनं कलम ३५३ सगळ्यांना माहिती आहे, आता भारतीय न्याय संहितेत ते १३२ झालंय. म्हणजे गाडीत काही नसताना तुमच्यावर केस झाली, असं होऊन बसतं.

मग करायचं काय, तर झडती नियमाने होईल हे बघायचं, आणि त्यासाठी आता एक चांगलं हत्यार आहे. १ जुलै २०२४ पासून जी नवीन संहिता लागू झाली, बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १०५ मध्ये लिहिलंय की झडती आणि जप्ती, यादी करण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत, ऑडिओ-व्हिडिओमध्ये रेकॉर्ड करायची, आणि ते रेकॉर्डिंग लगेच मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. म्हणून तुमचं वाक्य असं असू द्या, "साहेब, बघा ना गाडी, फक्त रेकॉर्डिंग सुरू करून घ्या." आवाज चढवायचा नाही, दोन्ही हात मोकळे, आणि हेच वाक्य दोनदा म्हणायचं म्हणजे तुमच्या डॅशकॅममध्ये पण येतं. तुम्ही स्वतः लांबून व्हिडिओ घेतला तर त्याला बंदी करणारा कायदा नाही, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तर पोलीस स्टेशनच्या आतसुद्धा व्हिडिओ घेणं हा ऑफिशियल सीक्रेट्सचा गुन्हा नाही असं सांगितलंय. पण कॅमेरा अधिकाऱ्याच्या तोंडासमोर नेऊन लाइव्ह करू नका, त्याने बोलणं तिथेच बिघडतं.

गाडी बघत असताना तुम्ही अशा जागी उभे राहा की हात कुठे जातायत ते दिसेल. डिकी, ग्लोव्ह बॉक्स, सीटखाली, एकेक करून तुम्ही स्वतः उघडून द्या. चार जणांनी चारही दारं एकदम उघडली तर कुणाच्या बाजूला काय झालं हे कुणालाच कळत नाही, म्हणून "साहेब एक-एक बाजू करूया" असं म्हणायला हरकत नाही, बहुतेक वेळा ऐकतात. बॅगा मालकानेच उघडायच्या, ही माझी, ती याची, हे बोलून दाखवायचं.

अंगझडतीची गोष्ट वेगळी आहे. एनडीपीएसखाली तुमच्या अंगाची झडती घ्यायची असेल तर कलम ५० प्रमाणे आधी तुम्हाला सांगावं लागतं की तुम्हाला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क आहे, आणि सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१० मध्ये हे सांगणं बंधनकारक ठरवलंय. हो म्हणा, हक्क वापरा, उशीर झाला तरी होऊ दे. लक्षात ठेवा हा हक्क फक्त अंगासाठी आहे, बॅगेला आणि गाडीला तो लागू होत नाही असं कोर्टाने स्पष्ट केलंय, त्यामुळे बॅगेवरून कलम ५० चा वाद घालू नका. मुलींची झडती फक्त महिला पोलिसच घेऊ शकते, यात काहीही अपवाद नाही, महिला पोलिस नसेल तर "मॅडम येईपर्यंत थांबतो" एवढंच म्हणायचं आणि खरंच थांबायचं, आणि गाडीतल्या पोरांनी तेव्हा मुलींना एकटं सोडून चहाला जायचं नाही.

फोन अनलॉक करून दे, चॅट बघू, असं म्हणाले तर? हा भाग अजून धूसर आहे, आरोपीला स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला लावता येत नाही हे घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे, पण पासकोड त्यात येतो का यावर वेगवेगळ्या कोर्टांनी वेगवेगळं म्हटलंय. मी तरी म्हणेन की नम्रपणे सांगा, "जप्त करायचा असेल तर पंचनाम्यात लिहून घ्या, वकिलाशी बोलून मग उघडतो."

काही सापडलं असं म्हणाले, तर इथून पुढे तोंड कमी आणि डोळे जास्त. "हे याचं आहे, माझं नाही" असं मित्राकडे बोट दाखवून भांडण सुरू करू नका, तुमची बाजू तुम्ही वकिलाकडे सांगणार आहात. पंचनाम्यात वेळ, जागा, वजन, कुठून निघालं, पंच कोण, हे सगळं असायला हवं. पंच खरंच तिथे हजर होते का ते बघा. तुम्हाला सही करायला सांगितली तर आधी पूर्ण वाचा, मराठी वाचता न येणारा कुणी असेल तर त्याला वाचून समजावून द्यायला सांगा, चूक दिसली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा की अमुक गोष्ट मला मान्य नाही. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, कितीही वाजले असले तरी, कितीही "फॉर्मॅलिटी आहे रे" म्हणाले तरी. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते हे बीएनएसएसच्या कलम १८१ मध्येच आहे, आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही, एनडीपीएसबद्दलही २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. त्यामुळे "कबूल कर, सोडतो" याला काही अर्थ नसतो.

अटक झालीच तर कारणं लेखी मिळाली पाहिजेत, घरच्या एका माणसाला कळवलं पाहिजे, चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता आलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलं पाहिजे. मुलींना सूर्यास्तानंतर सूर्योदयाआधी सहसा अटक करत नाहीत, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याला मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. वकील ओळखीचा नसेल तर १५१०० वर फोन करा, ही राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे आणि कोठडीत असलेल्या माणसाला त्यांच्याकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. हा नंबर गाडीत न आलेल्या एका मित्राला पण देऊन ठेवा, कारण तुमचा फोन तेव्हा तुमच्याकडे नसेल.

पैसे मागितले तर काय, हा प्रश्न सगळ्यांना असतो आणि उघडपणे कुणी विचारत नाही. दंड असेल तर ई-चलन करा म्हणा, ते मशीनमधून निघतं आणि नंतर ऑनलाइन भरता येतं. कुणाच्या खासगी नंबरवर यूपीआय करायचं नाही. काही नसताना "मिटवून टाकू" म्हणून दिलेले पैसे म्हणजे तुम्ही स्वतःच काहीतरी असल्याचं कबूल केल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या नाक्यावर परत तेच होतं. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे, तिथून निघाल्यावर शांतपणे तक्रार करा, तारीख, वेळ, नाक्याची जागा आणि गाडीचा नंबर फोनमध्ये लगेच टाइप करून ठेवला असेल तर तक्रारीला वजन येतं.

परतीचं मात्र कुणी बघत नाही. गोव्यातून येताना बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्कचा तपासणी नाका आहे, आणि गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, बाटल्यांसोबत गाडी पण जप्त होते. स्वस्त पडते म्हणून डिकीत चार बाटल्या टाकणारे बरेच असतात, आंबोली घाटाने आलो तर कुणी बघत नाही हाही गैरसमजच आहे. आणि दुसरं म्हणजे, रात्री तीनपर्यंत पिऊन सकाळी आठला स्टिअरिंगवर बसलात तर ब्रेथ अॅनालायझर तुम्हाला सोडत नाही, मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. झोप काढून, जेवून, दुपारनंतर निघा, किंवा ज्याने अजिबात घेतली नाही त्याच्या हातात चावी द्या.