पोटाचा ठसा न तुटता सुटावा म्हणून

गरोदरपणाची आठवण म्हणून काढलेला पोटाचा प्लास्टरचा ठसा बारीक लवेला चिकटतो, ओढताना तडकतो. म्हणून पेट्रोलियम जेली लावताना हात आखडू नका. बेंबीत, कडांना आणि पोटाखाली तर जाड थरच हवा.

१. औषधाच्या दुकानातल्या १५ सेंमी रुंद प्लास्टर बँडेजचे (हाड मोडल्यावर ओली करून गुंडाळतात ती प्लास्टर लावलेली पट्टी) ४ रोल घ्या, आधीच वीतभर पट्ट्या कापा.
२. कोमट पाण्यात बुडवून, निथळून, आडव्या-उभ्या ३-४ थरांत लावा. कडेला एक थर जास्त द्या, ठसा आधी तिथेच मोडतो.
३. १५-२० मिनिटांनी पोट हळूहळू आत-बाहेर करा, कडेपासून सुटू लागेल.

हे टेकून बसूनच करावे, उताणे झोपून नको. सुटी प्लास्टर पावडर मात्र अंगावर कधीच थापू नका. घट्ट होताना ती भाजण्याइतकी तापते.