आंबेनळी घाटात फोनवर फ्लो मॅपिंग

दख्खन ट्रॅपमध्ये, म्हणजे लाव्हा थरावर थर साचून झालेल्या आपल्या काळ्या खडकात, सगळा खेळ उंचीचा आहे. लाव्हाचे थर, म्हणजे फ्लो, जवळजवळ आडवे, कल बहुतेक ठिकाणी एक अंशाहूनही कमी. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना लाल बोल, म्हणजे दोन फ्लोंमधला लाल मातकट थर, दोन वळणांवर दिसला, तर तो एकच की खालचा दुसरा, हे आधी उंचीवरून ताडायचं. आमची पोरं मात्र अक्षांश-रेखांश मन लावून टिपतात आणि उंचीचा आकडा येईल तो घेतात.

तयारी घरीच करा. लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर, फोनवर त्याच्या जोडीचं क्यूफील्ड अ‍ॅप, दोन्ही फुकट. प्रोजेक्टला यूटीएम (मीटरमध्ये जागा मोजायची पद्धत) झोन ४३ उत्तर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला कोड ईपीएसजी ३२६४३ द्या. जिओपॅकेजमध्ये, म्हणजे डेटाच्या फाइलमध्ये, दोन लेयर पुरे: थांब्यांचे बिंदू आणि कॉन्टॅक्टच्या, म्हणजे दोन थरांच्या सांध्याच्या, रेषा. खडकाचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या: कॉम्पॅक्ट (घट्ट) बसाल्ट, व्हेसिक्युलर (बुडबुड्यांच्या छिद्रांचा), अमिग्डलॉइडल (छिद्रं खनिजांनी भरलेला), बोल, लॅटेराइट (जांभा). नाहीतर एकाच दगडाची पाच स्पेलिंगं होतात. उंचीचे रकाने मात्र दोन ठेवा, एक फोनचा, एक नकाशावरून काढलेल्या उंचीचा. जुनं टोपोशीट (उंची छापलेला सरकारी नकाशा) स्कॅन करून बसवणार असाल तर ते एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे मोजणीच्या जुन्या आधारावर, आहे हे विसरू नका. तसंच जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस ८४ धरलंत, तर शंभरेक मीटर सरकतं, आणि घाटात तेवढ्यात माणूस रस्त्यावरून दरीत जातो. बेसमॅप ऑफलाइन घ्या, रेंजच्या भरवशावर राहू नका.

आता उंची. अँड्रॉइडचा जीपीएस सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची देत नाही, पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची देतो. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साधारण ६०-७० मीटर खाली आहे, म्हणून फोन उंची तेवढी कमी दाखवतो. एवढ्यात एखाद-दोन फ्लो सहज मावतात! क्यूफील्डच्या पोझिशनिंग सेटिंगमध्ये जिओइडची, म्हणजे त्या समुद्रसपाटीची, ग्रिड फाइल जोडता येते, ती जोडाच. मग टोपोशीटवर उंची छापलेल्या एखाद्या ठिकाणी उभं राहून आकडा ताडून बघा. एवढं करूनही कड्याच्या पायथ्याशी अर्धं आकाश झाकलेलं असतं, तिथे आकडा नाचतो. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याच ठिकाणी तो जुळवून घ्या आणि पुढचं प्रत्येक ओळखीचं ठिकाण लागलं की पुन्हा जुळवा, कारण हवेचा दाब दिवसभर बदलतो आणि एका मिलिबारला आठ-नऊ मीटरचा फरक पडतो.

फोनच्या कंपासवर माझा फारसा जीव नाही. बसाल्टमधलं मॅग्नेटाइट सुई फिरवतं, ब्रंटनचीही (भूवैज्ञानिकांच्या होकायंत्राची). खडकाला टेकवून दिशा घेऊ नका, दोन पावलं मागे या. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर ते आधी काढा. चुंबकीय उत्तरेचा फरक आपल्याकडे नगण्य, त्याची काळजी नको.

फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतो आणि बॅटरी टिकते. पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, त्यामुळे वही-पेन्सिल खिशात हवीच. बोलच्या फोटोत हातोडी ठेवा आणि थराचा वरचा व खालचा कॉन्टॅक्ट दोन्ही येऊ द्या.

मुक्कामी पोचल्यावर चहाआधी डेटा लॅपटॉपवर काढा, पेन ड्राइव्हवर एक प्रत ठेवा. मग बोलचे बिंदू अंतर आणि उंचीच्या आलेखावर मांडा. एकाच थराचे बिंदू एका ओळीत येतात. जो पंचवीस मीटर वर-खाली लटकतो, त्या वळणावर उद्या सकाळी पहिल्यांदा थांबा. आकडा चुकलाय, थर वेगळा आहे, की मध्ये फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची भेग) आहे, हे तिथे उभं राहूनच कळेल.